सरासरी प्रतिक्रियाकाळावरून अवधानाबद्दल नेमके काय सांगता येते?

मोजपट्टी (धागाकर्ता)

काही वर्षांपूर्वी दृश्य शोधाच्या एका प्रयोगाचे विश्लेषण करताना माझ्याकडून एक चूक झाली आणि ती नेमकी कुठे झाली हे उमगायला मला जवळजवळ वर्ष लागले. प्रयोग साधा होता. पडद्यावर रोमन लिपीतले ‘एल’ हे अक्षर निरनिराळ्या कोनांत फिरवून विखुरलेले असे, आणि त्या गर्दीत एखादे ‘टी’ दडले आहे की नाही एवढेच सांगायचे असे. असल्यास उजवी कळ, नसल्यास डावी. सहभागींच्या दोन गटांपैकी एकाचा सरासरी प्रतिक्रियाकाळ स्पष्टपणे जास्त आला आणि ‘या गटाचे दृश्य अवधान मंद आहे’ असे वाक्य लिहून मी मोकळा झालो. चुकांचे प्रमाण वेगळ्या कोष्टकात, केवळ उपचार म्हणून दिले होते. ज्यांना मी मंद ठरवले होते त्यांच्या चुका कमी होत्या. दोन्ही कोष्टके एकाच पानावर होती, तरी ती एकत्र वाचायला हवीत हे मला सुचले नाही.

माझे म्हणणे असे आहे की प्रतिक्रियाकाळ हे अवधानाचे माप नव्हे. उद्दीपक (म्हणजे पडद्यावर दाखवलेली गोष्ट) डोळ्यात शिरण्यापासून बोट कळ दाबेपर्यंत जे जे घडते त्या सगळ्याच्या बेरजेचा तो शेवटचा आकडा आहे, आणि त्या बेरजेची फोड करायची असेल तर काळ व अचूकता या दोहोंचे भाकीत एकाच यंत्रणेतून करणारे गणिती प्रतिमान हाताशी असावे लागते.

फोड करण्याची कल्पना जुनी आहे. उत्रेख्तच्या डोंडर्स यांनी १८६८ साली वजाबाकीची पद्धत मांडली: एकाच उद्दीपकाला एकच प्रतिसाद देण्याचा काळ मोजायचा, मग अनेकांतून निवड करून प्रतिसाद देण्याचा काळ मोजायचा, आणि दुसऱ्यातून पहिला वजा करून निवडीला लागणारा वेळ काढायचा. यात मेख अशी की नवा टप्पा घातल्यावर आधीचे टप्पे जसेच्या तसे राहतात हे गृहीत धरावे लागते, आणि ते तसे राहतातच असे नाही. सोल स्टर्नबर्ग यांनी १९६९ मध्ये ही अडचण चतुराईने टाळली. त्यांनी टप्पे काढले-घातले नाहीत; दोन घटकांचे परिणाम एकमेकांत निखळपणे मिळवले जातात की गुंततात हे पाहिले आणि त्यावरून ते घटक वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करतात का, याचे अनुमान केले. तरीही हा सारा व्यवहार सरासरीचाच होता आणि चुका त्यात आल्या की त्या बाजूलाच टाकल्या जात.

मला स्वतःला वाट दाखवली ती रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ साली स्मृतीच्या संदर्भात मांडलेल्या विसरण प्रतिमानाने, म्हणजे ज्याला सगळे डिफ्यूजन मॉडेल म्हणतात त्याने. दोन समांतर सीमा कल्पाव्यात, वरची ‘आहे’ची आणि खालची ‘नाही’ची. त्यांच्या मधोमध एक बिंदू निघतो. पुराव्याचा प्रत्येक कण त्याला कधी वर तर कधी खाली ढकलतो, पण एकंदरीत योग्य उत्तराकडे त्याचा कल असतो. या कलाला ड्रिफ्ट म्हणतात आणि उद्दीपकातून माहिती किती चांगली मिळते आहे हे तो सांगतो. दोन सीमांमधले अंतर सावधपणा सांगते, आरंभबिंदू पूर्वग्रह सांगतो, आणि उद्दीपक डोळ्यात मुरण्यात व बोट हलण्यात जाणारा वेळ हा चौथा प्राचल (प्रतिमानात ठरवायचा आकडा) होतो, ज्याला मी निर्णयेतर काळ म्हणतो.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. ते समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण गणित तंतोतंत आहे. आरंभबिंदू मधोमध, नॉइजचे (बिंदूला वर-खाली ढकलणाऱ्या यादृच्छिक धक्क्यांचे) प्रमाण १, ड्रिफ्ट २, सीमांतर १ आणि निर्णयेतर काळ ३०० मिलिसेकंद धरले, तर अचूकता ८८ टक्के येते आणि सरासरी प्रतिक्रियाकाळ ४९० मिलिसेकंद. बाकी सगळे तसेच ठेवून फक्त सीमांतर १.५ केले, तर अचूकता ९५ टक्क्यांवर जाते आणि सरासरी ६३९ वर. म्हणजे जवळजवळ दीडशे मिलिसेकंदांचा फरक पडला, पण माहिती शोषून घेण्याचा वेग दोघांचा एकच आहे. दुसरी व्यक्ती फक्त जास्त खात्री करून घेते आहे. उलट सीमांतर १ ठेवून ड्रिफ्ट निम्मा केला, तर सरासरी ५३१ होते आणि अचूकता ७३ टक्क्यांवर घसरते. आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. सीमांतर १ असताना ड्रिफ्ट अगदी शून्यावर आणला, म्हणजे माणूस निव्वळ अंदाजपंचे उत्तरे देऊ लागला, तरी सरासरी ५५० च्या वर जातच नाही, कारण नुसता नॉइजसुद्धा बिंदूला केव्हा ना केव्हा कुठल्यातरी सीमेवर नेऊन आदळतो. तेव्हा ६३९ हा आकडा निव्वळ ‘मंद अवधाना’तून निघूच शकत नाही, आणि मी मात्र नेमके तेच लिहून बसलो होतो.

वयाबद्दलच्या संशोधनात हाच धडा मोठ्या प्रमाणावर मिळाला. रॅटक्लिफ, थापर आणि मॅकून यांनी २००१ पासून केलेल्या अभ्यासमालेत असे दिसले की वृद्ध सहभागींचा प्रतिक्रियाकाळ वाढतो त्याचा बराच भाग रुंद सीमा आणि लांबलेला निर्णयेतर काळ यांतून येतो. कित्येक कामांत त्यांचा ड्रिफ्ट तरुणांइतकाच असतो.

दृश्य शोधापुरता मात्र मी अजून जुन्याच मताचा आहे. ट्रीसमन आणि जेलेड यांच्या १९८० च्या लेखापासून आपण मानत आलो आहोत की लक्ष्य एकाच गुणाने उठून दिसत असेल, जसे हिरव्यांत एक लाल, तर विचलक (लक्ष्य नसलेल्या वस्तू) कितीही वाढवले तरी प्रतिक्रियाकाळ सपाट राहतो. पण दोन गुणांची सांगड घालावी लागत असेल तर तो दर वस्तूमागे ठरावीक मिलिसेकंदांनी सरळ रेषेत वाढतो, आणि लक्ष्य नसतानाचा चढ असतानाच्या सुमारे दुप्पट असतो. अवधान एकेका वस्तूवरून फिरते आणि लक्ष्य सापडताच थांबते, असे मानले की हा दुपटीचा हिशेब आपोआप जुळतो. निदान इथे तरी सरासरी पुरेशी आहे असे मला वाटते. जाणकारांनी मत द्यावे.


शून्यशेष

लेख आवडला, पण शेवटच्या परिच्छेदात तुम्ही तीच चूक पुन्हा केली आहे जी सुरुवातीला कबूल केली होती. सरळ रेषा ही क्रमिक, म्हणजे एकामागून एक वस्तू हाताळणाऱ्या, प्रक्रियेची खूण नव्हे. जेम्स टाउनसेंड यांनी हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवले आणि त्याची सिद्धता इतकी छोटी आहे की इथे लिहून दाखवता येते.

समजा यंत्रणेची एकूण क्षमता सेकंदाला २० वस्तू एवढी आहे आणि ती सगळ्या उरलेल्या वस्तूंत सारखी वाटली जाते. वस्तू ८ असतील तर प्रत्येकीला सेकंदाला २.५ असा वेग मिळतो. आठही वस्तूंवर एकाच वेळी काम चालू आहे आणि प्रत्येकीचा काळ घातांकी वितरणाने ठरतो. आठ जणींच्या शर्यतीत पहिली कुठलीतरी संपायला सरासरी किती वेळ लागेल? वेगांची बेरीज २० आहे, म्हणून ५० मिलिसेकंद. ती संपली की तिची क्षमता उरलेल्या सात जणींत वाटली जाते, बेरीज पुन्हा २० होते, आणि पुढची संपायला पुन्हा सरासरी ५० मिलिसेकंद लागतात. अशा रीतीने आठही संपायला ४०० मिलिसेकंद. एकावेळी एकच वस्तू हाताळणारी आणि दर वस्तूला तशाच घातांकी वितरणाने सरासरी ५० मिलिसेकंद घेणारी क्रमिक यंत्रणाही नेमके तेवढेच सांगते. सरासरीच जुळते असे नाही, संपूर्ण वितरण जुळते. म्हणजे तुम्ही लाखभर निरीक्षणे घेतलीत तरी या दोन यंत्रणांतला फरक तुमच्या आलेखात उमटणार नाही.

उलट समांतर यंत्रणेची क्षमता अमर्याद असेल, म्हणजे आठ वस्तू असतानाही प्रत्येकीला २० चा पूर्ण वेग मिळत असेल, तर शेवटची संपण्याचा काळ १ वस्तूला ५०, २ ला ७५, ४ ला १०४ आणि ८ ला १३६ मिलिसेकंद असा वाढत जातो. ही रेषा वाकते. तेव्हा सरळ रेषेवरून तुम्हाला एवढेच म्हणता येते की अमर्याद क्षमतेची स्वतंत्र समांतर यंत्रणा इथे बसत नाही. क्षमतेला मर्यादा आहे हे कळते. ती मर्यादा रांगेची आहे की वाटणीची हे कळत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत अवधानाच्या क्षेत्रात दशकानुदशके चालू आहे आणि पाठ्यपुस्तके ती निमूटपणे पुढे नेतात.


तिरकस रेष

शून्यशेष यांच्याशी सहमत आहे, पण ‘फरक उमटणारच नाही’ हे विधान त्या विशिष्ट जोडीपुरतेच खरे आहे, आणि धागाकर्त्यांनी सांगितलेली यंत्रणा ती नाही. त्यांनी लक्ष्य सापडताच थांबणारी क्रमिक यंत्रणा म्हटले आहे. तिला सरासरीच्या पलीकडे जाऊन तपासता येते. ८ वस्तू असतील आणि लक्ष्य कुठेही असण्याची शक्यता सारखी असेल, तर ते कधी पहिल्याच नजरेत सापडेल, कधी आठव्या. तपासलेल्या वस्तूंची संख्या १ ते ८ पर्यंत बदलते, तिचे प्रमाण विचलन सुमारे २.३ वस्तू येते, आणि दर वस्तूला ५० मिलिसेकंद धरले तर एवढ्यानेच प्रतिक्रियाकाळात सुमारे ११५ मिलिसेकंदांचा विखुरलेपणा येतो. लक्ष्य नसेल तेव्हा मात्र दर वेळी आठही वस्तू तपासल्या जातात, त्यामुळे हा विखुरलेपणा तिथे नसावा. म्हणजे साधी क्रमिक यंत्रणा सांगते की ‘आहे’ची उत्तरे जास्त पसरलेली असतील आणि ‘नाही’ची कमी. प्रत्यक्ष प्रयोगांत बहुधा उलटे दिसते. ‘नाही’ म्हणतानाच माणसे जास्त चंचल असतात. दुपटीचा हिशेब सरासरीत जुळला आणि प्रचरणात (विखुरलेपणाच्या मापात) फसला, असा हा प्रकार आहे.

आणखी एक गंमत. होरोविट्झ आणि वुल्फ यांनी १९९८ मध्ये पडद्यावरच्या वस्तूंच्या जागा दर १११ मिलिसेकंदांनी यादृच्छिकपणे बदलल्या. एकदा पाहिलेली वस्तू पुन्हा न पाहण्याची नोंद मेंदू ठेवत असेल, तर अशा पडद्यावर शोध फार बिघडायला हवा होता, पण चढ जवळजवळ तसाच राहिला. त्यांनी काढलेला ‘दृश्य शोधाला स्मृतीच नाही’ हा निष्कर्ष नंतर बराच वादग्रस्त ठरला, परंतु ‘एकेक वस्तू तपासून बाजूला ठेवणे’ हे चित्र किती भोळे आहे हे त्यातून दिसलेच.


पाऊलवाट

मी या विषयातला नाही, संगणकाच्या पडद्यावर तासन्‌तास दोष शोधण्याचे काम करतो. एक बाळबोध प्रश्न विचारतो. लक्ष्य नसेल तर माणूस ‘नाही’ म्हणायला नेमका केव्हा तयार होतो? सगळे पाहून झाले हे त्याला कसे कळते? माझ्या कामात दोष क्वचितच सापडतो, आणि मला स्वतःला असे जाणवते की दिवस सरतो तसा मी लवकर ‘नाही’ म्हणू लागतो.


तिरकस रेष

पाऊलवाट, तुमचा प्रश्न मुळीच बाळबोध नाही. या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न तोच आहे. वुल्फ, होरोविट्झ आणि केनर यांनी २००५ मध्ये दाखवले की लक्ष्य निम्म्या वेळा असेल तर ते निसटण्याचे प्रमाण ७ टक्के होते, आणि तेच लक्ष्य शंभरात एकदाच असेल तेव्हा ३० टक्के. पडदा तोच, डोळे तेच. सामान तपासणी किंवा क्ष-किरण चित्रे वाचण्याच्या कामात हे किती गंभीर आहे हे वेगळे सांगायला नको.

याचे गणिती वर्णन दोन प्रकारांनी करता येते. एक म्हणजे प्रत्येक वस्तूबाबतचा निर्णय ‘नाही’कडे झुकतो, म्हणजे विसरण प्रतिमानात आरंभबिंदू खालच्या सीमेजवळ सरकतो. दुसरे म्हणजे ‘आता शोध सोडून द्यावा’ हा उंबरठाच खाली येतो. वुल्फ आणि व्हॅन वर्ट यांनी २०१० मध्ये लक्ष्याचे प्रमाण बदलत नेऊन दोन्ही गोष्टी घडतात आणि त्या वेगळ्या काढता येतात असे मांडले. केवळ निसटलेल्यांची टक्केवारी पाहिली असती तर हे कळले नसते; ‘नाही’ उत्तरांचा काळ किती आखडला हे सोबत पाहावे लागले. तुम्हाला जे जाणवते ते बहुधा दुसऱ्या प्रकारातले आहे.


मोजपट्टी

शून्यशेष आणि तिरकस रेष, दोघांचेही मुद्दे मान्य आहेत आणि शेवटचा परिच्छेद मी मागे घेतो. धाग्यात तो तसाच राहू द्यावा, नाहीतर पुढच्या वाचकाला चर्चा कळणार नाही. ५० मिलिसेकंदांचा हिशेब मी काल कागदावर स्वतः करून पाहिला. दर वेळी बेरीज २० च येते हे दिसले तेव्हा जरा ओशाळायलाच झाले, कारण एवढी साधी गोष्ट कुणीतरी दाखवेपर्यंत मला ‘चढ’ हा शब्द म्हणजेच रांग असे वाटत होते.

मग माझा प्रश्न असा की वाटणीच्या बाजूने उभे राहणारे, आकडे देणारे प्रतिमान कोणते? ‘क्षमता वाटली जाते’ एवढे म्हणून भागणार नाही. ती कोणत्या नियमाने वाटली जाते, आणि विचलकांकडे ती वाया किती जाते?


अर्धविराम

याचे सर्वांत नेटके उत्तर कोपनहेगनच्या क्लाउस बुन्डेसन यांच्या १९९० च्या दृश्य अवधान सिद्धांतात आहे, ज्याला संक्षेपाने टीव्हीए म्हणतात. मी काही वर्षे याच सिद्धांतावर काम केले असल्यामुळे माझा थोडा पक्षपात गृहीत धरावा.

टीव्हीएमध्ये पाहणे म्हणजे वर्गीकरण: ‘ही वस्तू लाल आहे’, ‘हे अक्षर टी आहे’. अशी सगळी संभाव्य वर्गीकरणे अल्पकालीन दृश्य स्मृतीत जागा मिळवण्यासाठी एकाच वेळी धावत असतात आणि त्या स्मृतीत सर्वसाधारण प्रौढाच्या बाबतीत तीन-चार वस्तूंचीच जागा असते. एखाद्या वर्गीकरणाचा वेग तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो. त्या वस्तूत त्या गुणाचा पुरावा किती आहे, तो गुण आहे असे म्हणण्याकडे पाहणाऱ्याचा कल किती आहे, आणि त्या वस्तूचे अवधान-वजन हा एकूण वजनाचा किती वाटा आहे. हा तिसरा घटक म्हणजेच वाटणीचा नियम. वजन कसे ठरते? तुम्ही लाल शोधत असाल तर लालपणाला जास्त महत्त्व द्याल, आणि ज्या वस्तूत लालपणाचा पुरावा जास्त तिचे वजन आपोआप वाढेल.

एक उदाहरण घेऊ. पडद्यावर २ लक्ष्ये आणि ४ विचलक आहेत. लक्ष्याचे वजन १, विचलकाचे ०.२५, आणि एकूण क्षमता सेकंदाला ४५ वस्तू. वजनांची बेरीज ३ होते, म्हणून प्रत्येक लक्ष्याला १५ चा वेग मिळतो आणि प्रत्येक विचलकाला ३.७५ चा. परिणामकारक दर्शनकाळ, म्हणजे चित्रातून माहिती घेता येते तेवढा वेळ, १०० मिलिसेकंद असेल, तर स्मृती भरून जाण्याची मर्यादा क्षणभर बाजूला ठेवून, एखादे लक्ष्य नोंदले जाण्याची संभाव्यता ७८ टक्के येते आणि विचलकाची ३१ टक्के. हाच माणूस लक्ष्य आणि विचलक यांत भेदच करू शकत नसता तर सहाही वस्तूंना ७.५ चा वेग मिळाला असता आणि लक्ष्याची संभाव्यता ५३ टक्क्यांवर आली असती. विचलकाच्या वजनाला लक्ष्याच्या वजनाने भागले की जे गुणोत्तर येते त्याला अल्फा म्हणतात. शून्य म्हणजे अचूक निवड, एक म्हणजे निवडीचा पूर्ण अभाव. मोजपट्टी, विचलकांकडे किती वाया जाते या तुमच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा एक आकडा.

मेंदूला इजा झालेल्या रुग्णांत हे प्राचल वेगवेगळे बिघडू शकतात, म्हणजे एखाद्याची स्मृतीची जागा शाबूत असते पण वेग घटलेला असतो, तर दुसऱ्याचे वजन एकाच बाजूला झुकलेले असते. कळ दाबण्याचा वेग या पद्धतीत मोजलाच जात नाही; चित्र काही क्षण दाखवून झाकायचे आणि काय काय दिसले ते सावकाश सांगायला सांगायचे. ज्यांचा हात मंद आहे त्यांच्या बाबतीत हा मोठा फायदा आहे.

पण त्यामुळेच टीव्हीए दीर्घकाळ प्रतिक्रियाकाळापासून जरा लांब राहिला. तो सांधा नंतर जोडला गेला. लोगन आणि गॉर्डन यांनी २००१ मध्ये या सिद्धांताला यादृच्छिक चालीची जोड दिली, आणि ब्लर्टन, कुलिंग्सबेक, नील्सन व बुन्डेसन यांनी २०२० मध्ये प्वासाँ यादृच्छिक चालीचे प्रतिमान सविस्तर मांडले. त्यात वर्गीकरणे प्वासाँ प्रक्रियेने, म्हणजे ठरावीक सरासरी वेगाने पण यादृच्छिक क्षणी, टपटप पडत राहतात, त्यांची मोजणी चालू राहते, आणि एका उत्तराची मोजणी दुसऱ्याच्या पुढे ठरावीक अंतराने गेली की कळ दाबली जाते. विसरण प्रतिमानात ड्रिफ्ट हा वरून ठेवलेला आकडा असतो. इथे तो अवधानाच्या वजनांतून उगवतो. माझ्या मते धाग्याच्या शीर्षकातल्या प्रश्नाला खरा हात इथे घातला गेला आहे.


शून्यशेष

टीव्हीएच्या मांडणीबद्दल आदर राखून एक अप्रिय मुद्दा मांडतो. ड्रिफ्ट, सीमा, आरंभबिंदू, निर्णयेतर काळ, वर त्या प्रत्येकात प्रयत्नागणिक होणारा बदल; एवढे प्राचल हातात असतील तर कुठलाही आलेख जुळवता येईल. विशेषतः चुकांचा काळ. साध्या विसरण प्रतिमानात आरंभबिंदू मधोमध असेल तर चुकीच्या आणि बरोबर उत्तरांचा काळ सारखाच यायला हवा. प्रयोगात चुका सावकाश दिसल्या की म्हणायचे ड्रिफ्ट प्रयत्नागणिक बदलतो. चुका झटपट दिसल्या की म्हणायचे आरंभबिंदू बदलतो. जोन्स आणि झाफारोव यांनी २०१४ मध्ये तर सिद्धच केले की या बदलांच्या वितरणावर कुठलेही बंधन ठेवले नाही, तर ही प्रतिमाने कोणत्याही निरीक्षणांशी जुळवता येतात. जे कधीच खोटे ठरू शकत नाही त्याला सिद्धांत म्हणावे का?


मोजपट्टी

हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बंधने पूर्ण सोडली तर काहीही जुळते हे गणित निर्विवाद आहे. पण प्रत्यक्षात कोणी ती पूर्ण सोडत नाही. ड्रिफ्टचा बदल सामान्य वितरणाने आणि आरंभबिंदूचा एकसमान वितरणाने होतो असे धरले जाते, आणि एवढे धरल्यावर प्रतिमान बऱ्यापैकी ताठ होते. रॅटक्लिफ यांनी २००२ मध्ये स्वतःच बनावट पण वरकरणी पटण्याजोगी निरीक्षणे तयार केली आणि आपले प्रतिमान ती जुळवू शकत नाही हे दाखवले. उदाहरणार्थ, काम अवघड होत जाताना वितरणाचे उजवे शेपूट लांबण्याऐवजी संपूर्ण वितरणच उजवीकडे सरकले, तर नुसता ड्रिफ्ट बदलून ते साधत नाही.

दुसरी कसोटी मला जास्त प्रामाणिक वाटते. प्राचलांना आपण नावे दिली आहेत, तर ती नावे खरी आहेत का ते पाहावे. फॉस, रोथरमुंड आणि फॉस यांनी २००४ मध्ये हेच केले. अचूकतेवर भर द्या असे सांगितले तर सीमांतर वाढायला हवे. उद्दीपक अवघड केला तर ड्रिफ्ट घटायला हवा. एका उत्तराला जास्त बक्षीस ठेवले तर आरंभबिंदू सरकायला हवा. कळ दाबण्याची रीत अवघड केली तर निर्णयेतर काळ वाढायला हवा. बव्हंशी तसेच झाले. बव्हंशी म्हणतो, कारण नंतरच्या काही विश्लेषणांत ‘घाई करा’ या सूचनेने सीमांबरोबर ड्रिफ्टही बदलताना दिसला आहे, आणि त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

तिसरी गोष्ट २०१९ ची. डुटिल्ह आणि सहकाऱ्यांनी १४ निरीक्षणसंच १७ चमूंना दिले आणि कोणत्या संचात नेमके काय बदलले आहे ते न सांगता विश्लेषण करायला लावले. प्रत्येकाचे प्रतिमान वेगळे होते, तरी निष्कर्ष बऱ्याच अंशी जुळले, आणि साधी प्रतिमाने गुंतागुंतीच्या प्रतिमानांपेक्षा फारशी मागे पडली नाहीत. त्यामुळे शून्यशेष, तुमच्या शंकेला माझे व्यवहारी उत्तर असे की प्रयत्नागणिक बदलांचे प्राचल मी हल्ली सहसा वापरतच नाही. थोडी निरीक्षणे असतील तर सरासरी, प्रचरण आणि अचूकता या तीन आकड्यांवरून ड्रिफ्ट, सीमांतर व निर्णयेतर काळ काढून देणारी, वागेनमाकर्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सुचवलेली सोपी पद्धत पुरते.


शून्यशेष

नावे तपासण्याचा मुद्दा मान्य. ‘घाई करा’ म्हटल्यावर ड्रिफ्ट हलतो हे तुम्ही लपवले नाही, त्यामुळे उरलेल्यावर विश्वास ठेवायला मला सोपे जाते.


पाऊलवाट

एक तांत्रिक शंका. आपण इथे पाच-दहा मिलिसेकंदांच्या गोष्टी करतो आहोत. माझा पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, म्हणजे एक चौकट १६.७ मिलिसेकंदांची. कळफलकही स्वतःचा वेळ घेतो. मग हे आकडे विश्वासार्ह कसे?


अर्धविराम

यंत्राची ठरावीक दिरंगाई निर्णयेतर काळात जाऊन बसते आणि ड्रिफ्ट व सीमा यांना हात लावत नाही. म्हणूनच एका यंत्रावरचा निर्णयेतर काळ दुसऱ्या यंत्रावरच्या आकड्याशी ताडू नये. यादृच्छिक दिरंगाईचा हिशेब करून पाहा. संपूर्ण एका चौकटीएवढी अनिश्चितता धरली, तरी तिचे प्रमाण विचलन ४.८ मिलिसेकंद येते. माणसाचे स्वतःचे प्रमाण विचलन १५० असेल तर दोन्ही मिळून १५०.१ होते. माणूसच इतका अनियमित आहे की यंत्राची अनियमितता त्यात विरघळून जाते. टीव्हीएच्या प्रयोगांत मात्र दर्शनकाळ हाच स्वतंत्र चल असल्यामुळे एक चौकट जास्त पडली तर सगळा हिशेब ढासळतो. तिथे आम्ही पडद्यावर प्रकाशसंवेदक चिकटवून प्रत्यक्ष काळ मोजतो.


मोजपट्टी

प्रकाशसंवेदकाची सूचना उपयोगी आहे. जुन्या प्रयोगाची मूळ निरीक्षणे माझ्याकडे आहेत. दोन्ही गटांचे ड्रिफ्ट आणि सीमांतर वर लिहिलेल्या सोप्या पद्धतीने काढायला घेतले आहे. पहिलीच अडचण अशी निघाली की दोन सेकंदांहून लांबलेली उत्तरे मी त्या वेळी ‘लक्ष उडाले असेल’ म्हणून काढून टाकली होती. प्रचरणाचा मोठा भाग त्या शेपटातच असतो आणि सोप्या पद्धतीत सीमांतर काढताना प्रचरणाचाच आधार घ्यावा लागतो, त्यामुळे ती उत्तरे आधी परत शोधावी लागतील. ती हाती आली की दोन्ही गटांचे आकडे, काळ आणि अचूकता एकाच कोष्टकात घालून, याच धाग्यात टाकतो.